बुधवार पेठेतल्या एका नाणी-दुकानातला सफवी ट्रे

शिवराई आणि मुघल रुपयांसाठी या दुकानात गर्दी असते. इथे लिहायचंय ते आतल्या काचेखालच्या इराणी ट्रेबद्दल. सफवी घराण्याची चांदीची अब्बासी नाणी राजांच्या क्रमाने लावलेली आहेत. पुण्यात अशी मांडणी क्वचितच दिसते, त्याबद्दल दुकानाला पूर्ण गुण. पहिल्या शाह अब्बासपासून सुलतान हुसेनपर्यंत एकेक नाणं काट्यावर ठेवत गेलं, तर हे घराणं कसं खचत गेलं ते वजनातच वाचता येतं.

चिठ्ठ्यांवर मात्र विसंबू नका. सगळ्यात मोठी चूक सुलतान हुसेनच्या नाण्यांची. ५.४ ग्रॅमच्या आसपास भरणाऱ्या अब्बासींवर ‘घासलेले’ असं लिहिलंय. ती घासलेली नाहीत, टांकसाळीतूनच तेवढ्या वजनाची निघाली. शाह अब्बासची अब्बासी साधारण ७.७ ग्रॅमची, पुढे बराच काळ ७.४. हुसेनच्या कारकिर्दीत १७११ च्या सुमारास ती ६.९ वर आली आणि १७१७ च्या सुमारास थेट ५.४ वर. दर्शनी किंमत तीच, म्हणजे ५० अब्बासींचा एक तुमान (इराणचं हिशेबाचं मोठं एकक). चांदी मात्र चौथाईहून जास्त घटलेली. हिंदुस्थानी कापडाच्या मोबदल्यात इराणची चांदी बंदर अब्बासहून सुरतेला जाई आणि तिथल्या टांकसाळीत वितळून मुघल रुपया होई. तिजोरी आटत असताना हुसेन राजधानी इस्फहानबाहेर फराहाबादचा बागमहाल उभारत होता.

ओळखायचं कसं? अक्षरांच्या कडा उठावदार असून वजन कमी भरलं, तर ते टांकसाळीतूनच हलकं निघालेलं नाणं. अक्षरं बसकी झाली असतील, तर झिजलेलं. हिजरी सन दिसत असेल तर आधी तो वाचा. ११२९ (इ.स. १७१७) नंतरच्या नाण्याकडून ७ ग्रॅमची अपेक्षाच करू नये.

दुसरी चूक: ‘दुसरा सफी’ आणि ‘सुलेमान’ हे दोन वेगळे राजे म्हणून लावलेत. माणूस एकच. १६६६ मध्ये तो सफी या नावाने गादीवर बसला. आजारपण आणि संकटं ओढवल्यावर मुहूर्त चुकला असं ठरलं, आणि १६६८ मध्ये सुलेमान या नावाने पुन्हा राज्याभिषेक झाला. सफी नावाची नाणी त्या थोड्याच काळातली, त्यामुळे कमी मिळतात. चांगली प्रत दिसली तर सोडू नका. घराणं खचलं त्या दुबळेपणाचं मूळ बरंच मागे आहे. शाह अब्बासने एका मुलाला मारवलं, दोघांचे डोळे काढले, आणि पुढे शहजादे जनानखान्यातच वाढू लागले. सुलेमान काय, हुसेन काय, गादीवर येईपर्यंत कुणी ना सुभा सांभाळला ना फौज. मार्च १७२२ मध्ये गुलनाबादला महमूद अफगाणाने शाही सैन्य मोडलं. इस्फहान उपाशी ठेवून ऑक्टोबरमध्ये हुसेनकडून मुकुट घेतला. महमूदच्या नावाची ११३५ हिजरीची नाणी या ट्रेच्या शेवटी हवी होती, ती नाहीत.

त्यांच्या जागी नादिरशाहची दोन नाणी ‘उत्तर सफवी’ म्हणून ठेवलीत. त्यावर ‘अल-खैर फी मा वकअ’ ही ओळ आहे. अरबी लिपीत प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा असतो; या ओळीतल्या अक्षरांची बेरीज ११४८ येते, तेच नादिरच्या राज्यारोहणाचं हिजरी वर्ष. सफवी म्हणून घेऊ नका.

घेताना कड भिंगाखाली बघा. दागिन्यात घातलेल्या नाण्यांना कडी जोडल्याचा डाख राहतो. तो घासून काढला असेल, तर कडेचा एक भाग जास्त चकचकीत आणि सपाट दिसतो. अशा नाण्याला निम्म्याहून जास्त किंमत देऊ नये. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं असतात आणि कडेवर सांध्याची रेघ. ठोकलेल्या नाण्याची कड वेडीवाकडी असते, कधी चिरलेलीही. तो दोष नव्हे. या ट्रेमध्ये ओतीव एकही दिसलं नाही.

काटा मागितल्यावर लगेच मिळतो. दोन दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा आहे, आणि मालक हातात नाणं द्यायला कुरकुरत नाहीत. बिलावर राजा, टांकसाळ, सन आणि वजन लिहून घ्या. मागितल्याशिवाय ते फक्त ‘जुने चांदीचे नाणे’ लिहितात. शंभर वर्षांहून जुनी असल्याने ही नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात, तेव्हा परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवता येणार नाहीत.