१२ वर्षं जुना गेमिंग लॅपटॉप, बदललेला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड: ११ महिने वापरल्यानंतर

आधी खर्च सांगतो, कारण विचारणारे सगळे तिथूनच सुरू करतात. प्रोसेसर ७,५००, ग्राफिक्स कार्ड १३,५००, कार्डाची उष्णता ओढून घेणारा वेगळा हीटसिंक २,०००, ती त्याच्यापर्यंत पोचवणारे थर्मल पॅड आणि पेस्ट १,४००, एक फॅन ९००. टोटल २५,३००. सगळं सेकंडहँड, पेस्ट-पॅड आणि फॅन सोडून. यातले प्रोसेसरचे साडेसात हजार मी हौसेच्या खात्यात टाकलेत, बाकीचे वसूल झाले.

लॅपटॉप २०१३ च्या शेवटी घेतलेला, १५.६ इंची, क्लेव्हो कंपनीच्या बॉडीवर असेंबल केलेला, वजन असं की हिंजवडीला एकदाच नेला आणि दुसऱ्या दिवशी पाठीला बाम. आत आय७-४७००एमक्यू प्रोसेसर आणि जीटीएक्स ७७०एम ग्राफिक्स कार्ड, ३ जीबीवालं. रॅम १६ जीबी आणि एसएसडी मधल्या काळात टाकून झालेली, ते सगळ्यांनीच केलंय, त्यावर काय लिहायचं.

नवीन का नाही घेतला? बघितले ना. धड ग्राफिक्स कार्डवाला काही घ्यायचा तर साठ-सत्तर हजारांच्या खाली मनासारखं मिळेना, आणि घराचा हप्ता चालू असताना गेम खेळायला सत्तर हजार हे वाक्य बायकोसमोर उच्चारायची माझी हिंमत नाही. शिवाय या लॅपटॉपचा कीबोर्ड, स्क्रीन, बॉडी सगळं ठणठणीत. दुखणं एकच, कार्ड. ७७०एम एनव्हिडियाच्या केप्लर या जुन्या पिढीचं, आणि लॅपटॉपमधल्या केप्लर कार्डांना कंपनीनं गेम रेडी ड्रायव्हर, म्हणजे नव्या गेमसाठी कार्ड तयार ठेवणारं सॉफ्टवेअर, देणं एप्रिल २०१९ मधेच बंद केलं होतं. म्हणजे गेल्या काही वर्षांत आलेले गेम एकतर चालूच होत नव्हते किंवा चालले तर स्लाइड शो.

तीन दुकानांत विचारलं. दोघं म्हणाले लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड निघत नसतं. तिसऱ्यानं लॅपटॉप उलटा केला, मागचा स्टिकर वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नवीन घ्या." विषय संपला.

तर निघतं, पण प्रत्येकाचं नाही, हे आधी समजून घ्या. इंटेलच्या चौथ्या जनरेशनपर्यंत लॅपटॉपचे काही प्रोसेसर सॉकेटमधे बसायचे. नावाच्या शेवटी एमक्यू, एमएक्स किंवा नुसता एम असेल तर तो सहसा निघतो, एचक्यू किंवा यू असेल तर बोर्डाला सोल्डर केलेला, नाद सोडा. पाचव्या जनरेशनपासून सॉकेटचा कारभारच गुंडाळला. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच, एमएक्सएम स्लॉट, म्हणजे कार्ड काढता-घालता येईल अशी खाच, असेल तरच. त्या काळच्या जाडजूड मशिनांत तो असायचा, आजच्या पातळ लॅपटॉपांत बहुतेक सगळं बोर्डावरच चिकटवलेलं येतं.

मी सुरुवात प्रोसेसरपासून केली आणि तिथेच माती खाल्ली. म्हणजे बदलायला सगळ्यात सोपा तोच. सॉकेटच्या कडेला एक चपटा स्क्रू असतो, त्याच्या बाजूला उघड्या आणि बंद कुलपाचं चित्र, स्क्रूड्रायव्हरनं अर्धा फेरा दिला की आतली पकड सुटते आणि चिप बोटांनी उचलून हातात येते, खाली नऊशेच्या वर बारीक पिना, इतक्या नाजूक की श्वास रोखून धरला होता. कोपऱ्यातला त्रिकोण त्रिकोणाला जुळवून नवी ठेवायची, दाबायची अजिबात नाही, आपसूक बसते, परत अर्धा फेरा. पेस्ट पुसायला जास्त वेळ गेला.

माती कुठे खाल्ली तर निवडीत. आय७-४८००एमक्यू किंवा ४९१०एमक्यू घेतला असता तर शहाणपणाचं झालं असतं, दोन्ही जुन्यासारखेच ४७ वॅटचे. पण मला दिसला आय७-४९३०एमएक्स, एक्स्ट्रीम एडिशन, नवा असताना हजार डॉलरच्या वर किंमत होती त्याची. तेव्हा स्वप्नात बघितलेली वस्तू आता साडेसात हजारात, मग काय, भान सुटलं. हा ५७ वॅटचा, म्हणजे जास्त तापणारा. दहा वॅटनं काय होतंय असं मी स्वतःला समजावलं.

बरं, पहिल्या विक्रेत्याकडून आला तो एंजिनिअरिंग सँपल निघाला. चिपवर मॉडेल नंबरच्या जागी इंटेल कॉन्फिडेन्शियल असं छापलेलं असतं, असले नग कंपनीनं चाचणीसाठी दिलेले असतात, विकायचे नसतात, आणि बायॉस, म्हणजे मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, त्यांना ओळखेलच याची खात्री नाही. जाहिरातीतल्या फोटोत बरोब्बर त्याच जागेवर फ्लॅशचा उजेड पडलेला होता, ते तेव्हाच खटकायला हवं होतं. परत पाठवला, पैसे मिळायला तीन आठवडे. दुसरा मात्र खरा आला. तेव्हा चिपचा स्पष्ट फोटो आल्याशिवाय पैसे पाठवू नका.

बसवला, चालू झाला, बेंचमार्कमधे आकडे वाढले, मी खूश. जुन्याचा टर्बो, म्हणजे जास्तीत जास्त वेग, ३.४ गिगाहर्ट्झ, याचा ३.९, कॅश ६ ची ८ एमबी. आणि गेममधे? काही नाही. जीटीए फाइव्हमधे आधी सेकंदाला ३५-४० फ्रेम्स यायच्या, आता ३७-४१. गर्दीच्या चौकात गाडी घातल्यावर जो झटका बसायचा तो कमी झाला, खोटं कशाला बोलू, पण त्यासाठी साडेसात हजार? बाकी वेळ प्रोसेसर कार्डाची वाट बघत बसलेला असायचा, आधीही आणि नंतरही. कार्ड आधी बदलून मग ठरवलं असतं तर प्रोसेसरला हातच लावला नसता.

आता कार्ड. जीटीएक्स ९७०एम, ६ जीबी. हे ऑक्टोबर २०१४ चं, मॅक्सवेल पिढीचं, १२८० कोअर, जुन्यात ९६० होते. ९८०एम पण मिळत होतं, पण ते जास्त वीज खातं, माझा अडॅप्टर १८० वॅटचा, आणि एक्स्ट्रीम प्रोसेसरवर आधीच दिवे लावून झाले होते म्हणून तिथे अक्कल वापरली. जुन्या कार्डाचा हीटसिंक याला जसाच्या तसा बसत नाही, मेमरीच्या चिपा आणि बाजूचे पॉवरचे पार्ट वेगळ्या जागी आहेत, म्हणून तो वेगळा घ्यावा लागला.

थर्मल पॅड घ्यायला तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, गेलो. पॅड म्हटल्यावर दुकानदारानं पट्टी काढून दिली, मी म्हटलं जाडी किती, तर म्हणे "अहो सगळं एकच असतं." मी बिनडोकपणे घेतली. घरी मावसभावाला टॉर्च धरायला बसवला, कार्ड स्लॉटमधे तिरकं घातलं, खाली दाबून दोन स्क्रू लावले, मेमरीवर पॅड चिकटवले, जीपीयूवर, म्हणजे कार्डाच्या मुख्य चिपवर, पेस्ट, वर हीटसिंक, त्यावरच्या १-२-३-४ आकड्यांच्या क्रमानं स्क्रू थोडे थोडे आवळले, सगळं पुस्तकाबरहुकूम. बटण दाबलं. स्क्रीन काळी. एक मिनिट काळी. मावसभाऊ म्हणाला, "दादा, जुनं कार्ड ठेवलंयस ना?" तेवढ्यात लोगो आला, पण दोन मिनिटांत कार्डाचं तापमान ९३ डिग्री आणि फॅन किंचाळतोय. काही चालू नसताना!

परत उघडलं. हीटसिंक उचलून बघितला तर पेस्टचा ठसा फक्त एका कोपऱ्यात उमटलेला, नखाएवढा, बाकी पेस्ट लावली तशीच गोळा होऊन पडलेली. पॅड १ मिलिमीटरचे होते, तिथे हवे होते अर्ध्याचे. अर्धा मिलिमीटर! तेवढ्यानं हीटसिंक अधांतरी राहिला आणि तांबं चिपला टेकलंच नाही. तेव्हा जुन्या पॅडची जाडी आधी मोजा, व्हर्नियर नसेल तर इंजिनिअरिंगवाल्या कुणाकडून मागून आणा, पुण्यात दर दुसऱ्या घरात एक मिळेल. दुसऱ्या दिवशी अर्ध्याचे लावले, तापमान सरळ ४४. फॅन मात्र तरीही फुल चालत होता, तो ईसी फर्मवेअर, म्हणजे फॅन सांभाळणाऱ्या चिपचं सॉफ्टवेअर, अपडेट केल्यावर ताळ्यावर आला.

ड्रायव्हरची कटकट वेगळी. इन्स्टॉलर म्हणतो तुमच्या मशिनला चालणारं हार्डवेअर सापडलं नाही, कारण या लॅपटॉपच्या आयडीबरोबर हे कार्ड त्याच्या यादीतच नाही. मग ती यादी असलेली ड्रायव्हरची आयएनएफ फाइल उघडून त्यात आपल्या कार्डाची ओळ घालायची, विंडोजच्या ॲडव्हान्स्ड स्टार्टअपमधे जाऊन ७ नंबरचा पर्याय निवडून सिग्नेचरची, म्हणजे ड्रायव्हरवरच्या डिजिटल सहीची, सक्ती त्या एका बूटपुरती काढायची, आणि मग इन्स्टॉल. नंतर नॉर्मल बूट करून चालतं. काहीजण विंडोज कायम टेस्ट मोडमधे, म्हणजे ही सक्ती नसलेल्या अवस्थेत, ठेवतात, ते करू नका, काही ऑनलाइन गेमचं अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, दारातच अडवतं. पहिल्यांदा मला तीन तास लागले, आता वीस मिनिटं.

आणि मग खेळायला बसलो. विचर ३ हाय सेटिंगवर, १०८० पी, आधी वीस-बावीस फ्रेम्स, आता चाळीसच्या आसपास. जीटीए साठला चिकटलेला. एल्डन रिंगला डायरेक्टएक्स १२ ची जी फीचर लेव्हल लागते ती केप्लरमधे नाहीच, त्यामुळे आधी त्याचं नावच घेता येत नव्हतं, आता मीडियमवर पस्तीसच्या आगेमागे चालतो, आणि हरायला तेवढ्या फ्रेम्स पुरतात. त्या रात्री तीन वाजेपर्यंत जागलो, सकाळी स्टँडअप कॉलला कॅमेरा बंद.

हे जानेवारीतलं. मार्चपर्यंत सगळं गोड. मग एप्रिल आला, पुण्याचा पारा चाळीसच्या वर, आमचा धायरीतला फ्लॅट वरच्या मजल्यावर, खोलीत एसी नाही. जीपीयू ८४-८६, चालेल. पण ४९३०एमएक्स ९७-९८ ला जाऊन स्वतःच ढेपाळायला लागला, खेळता खेळता फ्रेम्स निम्म्यावर, पुन्हा वर, पुन्हा खाली. फॅनचा आवाज असा की बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "तुझं विमान उतरलं की जेवायला ये!" प्रोसेसरचा फॅन बदलला, तोच तो नऊशेचा, जुन्याच्या पात्यांवर आणि जाळीत करडी धूळ नमद्यासारखी बसलेली होती, सिंहगड रोडला पुलाचं काम चाललेल्या वर्षांत आमच्या घरात काय काय शिरलंय ते तिथे थरांत वाचता आलं असतं. फरक पडला पाच-सहा डिग्रीचा. थ्रॉटलस्टॉप नावाच्या सॉफ्टवेअरमधे प्रोसेसरचं व्होल्टेज ६० मिलिव्होल्ट कमी केलं, अजून थोडा फरक. शेवटी वैतागून टर्बो ३.४ वर बांधून टाकला. मग तापमान ८५ च्या आत, फ्रेम्स स्थिर, घरात शांतता.

आता बघा, ३.४ म्हणजे माझ्या जुन्या ४७००एमक्यूचा टर्बो. म्हणजे एक्स्ट्रीम एडिशन विकत घेऊन मी ती जुन्याच्या स्पीडला चालवत होतो आणि त्यावर खूश होतो. मावसभाऊ अजून यावरून टोमणे मारतो.

मे महिन्यातच पाऊस सुरू झाला तसं मशीन निवांत. अडॅप्टर पुरतो, भिंतीच्या सॉकेटला मीटर लावून बघितलं तर फुल लोडला १६०-१७० वॅट, पण स्वतः इतका तापतो की त्याला फरशीवर मोकळा ठेवतो, गादीवर कधीच नाही. बॅटरीबद्दल विचारू नका, ती आधीच गेलेली होती, आता लाइट गेल्यावर सेव्ह करायलाही वेळ देत नाही. कार्डानं मात्र अकरा महिन्यांत एकदाही दगा दिला नाही.

पुढचं चित्र मात्र फार उजळ नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला माझी ही इंटेलची चौथी जनरेशन अधिकृतपणे चालत नाही, मी जादा वर्षाच्या सिक्युरिटी अपडेट्स घेतल्यात, त्या ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ऑक्टोबर २०२५ मधेच मॅक्सवेलचे गेम रेडी ड्रायव्हरही थांबले, आता २०२८ पर्यंत फक्त सिक्युरिटीवाले. म्हणजे नवे गेम येतील तसं हे कार्डही ७७०एमच्याच वाटेनं जाणार. माझ्याकडे न खेळलेल्या जुन्या गेम्सची यादी एवढी आहे की मला दोन वर्षं घोर नाही, पण ज्यांना दर नवा गेम पहिल्या आठवड्यात हवा असतो त्यांनी हे पंचवीस हजार नव्या लॅपटॉपच्या भिशीत टाकावेत.

गेल्या रविवारी साफसफाईसाठी उघडला तेव्हा जुना ४७००एमक्यू परत बसवून टाकला. आठवडाभर खेळतोय, फरक शोधतोय, सापडत नाहीये. ४९३०एमएक्स प्लॅस्टिकच्या डबीत घालून विकायला काढलाय, पाच हजार आले तरी देईन. फोटो लख्ख उजेडात काढलाय, वरचे आकडे स्पष्ट वाचता येतात. फक्त घेणाऱ्यानं आपला हीटसिंक ५७ वॅट झेपवतो का ते आधी बघावं, एप्रिलमधे मला फोन करू नये.