आठ महिने वापरून: मॅटप्लॉटलिबचे डिफॉल्ट रंग आणि ती अकरावी रेघ

मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत आलेख काढायची लायब्ररी; याहून जास्त सांगत बसत नाही. आठ महिने रोज आलेख काढतेय आणि एवढ्या काळात एकही रंग स्वतः निवडलेला नाही. आयतं मिळतंय तर डोकं कशाला शिणवा, हा माझा बाणा. तो गेल्या महिन्यात अंगाशी आला.

बारा सेन्सरांचं तापमान एकाच आलेखात घातलं होतं. बैठकीत प्रश्न आला, "हा निळा सेन्सर एकाच वेळी दोन तापमानं कशी दाखवतो?" रंग सांगितला नाही तर मॅटप्लॉटलिब ठरलेल्या क्रमाने एकेक रंग देतं, आणि या डिफॉल्ट चक्रात रंग दहाच. अकरावी रेघ गुपचूप पहिल्या निळ्यावर येते, बारावी नारिंगीवर. ना एरर, ना इशारा. लेजंडमध्ये, म्हणजे कुठली रेघ कुणाची त्या यादीत, वर एक निळा, खाली एक निळा, आणि कुठला कुणाचा हे मलाच सांगता येईना.

चूक माझी, पण निम्मी आमच्या टीमच्या मार्गदर्शिकेतल्या उदाहरणाची. 'डिफॉल्ट रंग' या मथळ्याखाली तीन साइन वक्र, बस. तीन रेघांवरून दहाची मर्यादा कुणाला कळणार? त्यातही हिरव्या वक्राला हाताने 'जी' हे अक्षर दिलेलं. ते अक्षर म्हणजे जुना गडद हिरवा. चक्रातला तिसरा रंग, म्हणजे 'सी२' (मोजणी 'सी०'पासून), हाही हिरवाच, पण वेगळा. म्हणजे डिफॉल्टच्या उदाहरणात एक रंग डिफॉल्ट नव्हताच! हे पान मॅटप्लॉटलिबच्या २.० आवृत्तीच्या आधीचे संस्कार घेऊन आलेलं असणार. २०१७ साली ती आवृत्ती येईपर्यंत चक्रात सातच रंग होते आणि त्यातला पिवळा पांढऱ्या कागदावर शोधावा लागे. त्या मानाने आताचे दहा सुखाचे, हे मान्य.

आता माझ्या चिकटपणाचं. मी छापते ते काळ्या शाईतच. लाल, हिरवा, निळा या घटकांना ०.२९९, ०.५८७, ०.११४ ही नेहमीची वजनं लावून प्रत्येक रंगाचा करडेपणा काढला. २५५ पैकी पहिला निळा १००, सहावा तपकिरी १०१. जांभळा १२६, करडा १२७. कागदावर हे वेगळे ओळखणाऱ्याला माझा नमस्कार.

इतक्यावर मी 'डिफॉल्ट टाकाऊ' असा निकाल देऊन मोकळी झाले होते. मग ३.१० आवृत्तीतली 'पेट्रॉफ१०' ही स्टाइल लावून पाहिली. हे दहा रंग लोकांची पसंती आणि रंगांधळेपणा दोन्ही लक्षात घेऊन ठरवलेले आहेत. पडद्यावर खरोखर छान. जुन्या चक्रातली लाल-हिरव्याची जोडी इथे नाही. हौसेने छापलं आणि तेच गणित पुन्हा मांडलं. पहिला निळा १२८, सातवा नारिंगी १२७! तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की दहा रंग करड्यात उतरवायचे तर गर्दी होणारच. डिफॉल्टवरचा राग तिथेच निम्मा उतरला.

मग रविवार घालवून ते उदाहरण नव्याने लिहिलं. दहा आडव्या रेघा, प्रत्येकीशेजारी 'सी०' ते 'सी९' हे नाव. 'सी' मोठ्या लिपीतला हवा हे ठळक लिहिलं, कारण छोटा 'सी' एकटा आला की सियान (हिरवट निळा) होतो. तेच चित्र एकदा पांढऱ्या आणि एकदा काळ्या पार्श्वभूमीवर, बारीक आणि जाड अशा दोन्ही रेघांत; बारीक रेघ काळ्यावर किती मरते ते पाहिल्याशिवाय पटत नाही. सगळ्यात खाली मुद्दाम अकरावी रेघ, तिच्यापुढे 'पुन्हा सी०'. एका सहकाऱ्याला ती फालतू वाटली. मी काढू दिली नाही. उदाहरणातल्या बाकी सगळ्या गोष्टी काढा, ती राहू द्या.

त्याखाली उपायही दिला: सायकलर (अशी चक्रं बनवणारी पायथनची लायब्ररी) वापरून सलग आणि तुटक रेघांचा दहा रंगांशी गुणाकार केला की वीस वेगळ्या जोड्या मिळतात. पहिल्या दहा सलग, पुढच्या दहा तुटक. बारा सेन्सर सुटले, शाईही वाचली.

एक खुसपट मात्र उरलंय. एकाच अक्षावर आधी प्लॉट (रेघा), मग स्कॅटर (ठिपके) काढलं तर दोन्ही पहिल्या निळ्यापासूनच सुरू होतात, कारण दोघांची चक्रं वेगळी फिरतात. उदाहरणात हे अजून घातलेलं नाही. तोवर स्कॅटरला हाताने 'सी१' लिहून भागवतेय, म्हणजे रंग शेवटी मलाच निवडावा लागला.