बेरिल एएक्स राउटर गाडीत वापरायचा असेल तर आधी चार्जर बदला

जीएल-आयनेटचा बेरिल एएक्स घेण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवा: यात सिमकार्ड बसत नाही. इंटरनेट फोनमधून, डोंगलमधून किंवा मुक्कामाच्या हॉटेलातून आणायचं. हा राउटर त्याचं एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं वाय-फाय करून देतो. लॅपटॉप, टॅब, डॅशकॅम एकदा जोडले की पुढे सिम बदला, हॉटेल बदला, कुणाला काही नव्याने टाकावं लागत नाही. पाच-सहा उपकरणं घेऊन आठवडाभर फिरणाऱ्या कुटुंबासाठी तो उत्तम आहे. दोघंच असाल तर फोनचा हॉटस्पॉट पुरे, पैसे वाचवा.

वजन १९६ ग्रॅम, वाय-फाय ६, यूएसबी ३, एक २.५ गिगाबिटचं पोर्ट. आकडे छान आहेत, पण गाडीत वेग टॉवरवर ठरतो. राउटरची खरी परीक्षा विजेची.

त्याला टाइप-सीवरून ५ व्होल्ट, ३ अँपिअर द्यावे लागतात. लायटर सॉकेटमधल्या २.१ अँपिअरच्या जुन्या चार्जरवर तो सुरू होतो; पण राउटरच्या यूएसबीला फोन लावला की फोनही तिथूनच करंट ओढतो, व्होल्टेज पडतं आणि राउटर रीस्टार्ट होत राहतो. दोष मात्र नेटवर्कला दिला जातो. शिवाय बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना या सॉकेटचा पुरवठा क्षणभर तुटतो. म्हणून मध्ये पॉवर बँक ठेवा, आणि चार्ज होता होता खंड न पडता वीज देणारीच घ्या. ते दुकानातच लावून पाहा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास. गळती वजा जाता ५५ धरले, तर ८ वॅटच्या राउटरला जवळपास सात तास.

फोन हॉटस्पॉटऐवजी केबलने जोडा. अँड्रॉइडवर डेव्हलपर पर्यायांत (सेटिंगमधला एरवी लपलेला विभाग) डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन ‘यूएसबी टेदरिंग’, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलने देणं, असं करून ठेवा, नाहीतर केबल निघाली की दरवेळी हाताने चालू करावं लागतं. केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर फोन राउटरला दिसतच नाही. फोन काचेजवळ पण सावलीत ठेवा. पत्रा सिग्नल अडवतो, आणि उन्हात तापलेला फोन आधी वेग कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो.

दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन रिपीटरने, म्हणजे त्याच्या हॉटस्पॉटवरून वाय-फायने जोडा आणि १९२.१६८.८.१ या राउटरच्या सेटिंग पानावर मल्टी-वॅनमध्ये (एकाहून जास्त इंटरनेट जोडण्यांची सेटिंग) फेलओव्हर निवडा; मग एक जोडणी गेली की दुसरी आपोआप चालू होते. या फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर आणि आपली उपकरणं ५ वर ठेवायची. दोन्ही एकाच बँडवर असली आणि हॉटस्पॉट गेला, तर राउटर त्याला शोधताना सगळ्यांचं वाय-फाय तुटतं.

हॉटेलात लॉगिन पान उघडत नसेल तर राउटरवरचं व्हीपीएन (एन्क्रिप्टेड खाजगी जोडणी), स्वतः निवडलेला डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर) आणि डीएनएस रीबाइंडिंग संरक्षण (बाहेरच्या नावाला आतल्या नेटवर्कचा पत्ता देणारी उत्तरं अडवणारी सेटिंग) तात्पुरतं बंद करा, लॉगिन करा, मग पुन्हा चालू करा. हे शेवटचं पाऊल विसरू नका.

नेट नसतानाही स्थानिक नेटवर्क, म्हणजे गाडीतल्या उपकरणांची आपसातली जोडणी, चालतं, हे या खरेदीचं मोठं सुख. पेनड्राइव्हवर भरलेले सिनेमे, नकाशे मागच्या सीटवर बघता येतात. यूएसबी ३ ची डिस्क २.४ गिगाहर्ट्झमध्ये गोंगाट करते, म्हणून ती हातभर केबलने दूर ठेवा. यूएसबी पोर्ट एकच आहे. फोन आणि डिस्क दोन्ही हवे असतील तर स्वतंत्र वीज असलेला हब (एका पोर्टची अनेक पोर्टं करणारं उपकरण) लागतो.

ताम्हिणीत जिथे रेंजच नाही, तिथे हा काही करू शकत नाही. बाहेरचा अँटेना लावायची सोयही नाही. विनापरवाना सिग्नल बूस्टर बसवणं भारतात बेकायदा आहे, त्या वाटेला जाऊ नका. लडाखला निघाला असाल तर महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. निदान एक तरी पोस्टपेड करून घ्या, आणि तोच फोन केबलला लावा.