पॉलिबियस (प्लेस्टेशन ४, व्हीआरसह): गाडी लागणाऱ्या माणसाचा अभिप्राय

घाटात गाडी लागणाऱ्यांनी व्हीआरच्या, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरण्याच्या, वाटेला जाऊ नये, असं सगळेच सांगतात. मी तर पोलादपूर सुटलं की खिडकी धरून बसणारा. त्यात या खेळाचं नाव पॉलिबियस! भाच्याने हेडसेटचा पट्टा माझ्या टकलामागे आवळला आणि शेजारी बादली आणून ठेवली. "मामा, लागली तर असू दे."

बादलीमागची दंतकथा अशी. १९८१ साली अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंड शहरातल्या गेम पार्लरांत म्हणे 'पॉलिबियस' नावाचं एक काळं मशीन आलं. पोरं रांगा लावायची, नंबरावरून हाणामाऱ्या व्हायच्या. मग मळमळ, डोकेदुखी, विसरभोळेपणा, रात्री भयानक स्वप्नं. काळ्या सुटातली माणसं यायची आणि गल्ल्याला हात न लावता मशीनमधली माहिती तेवढी उतरवून न्यायची. थोड्याच दिवसांत मशीनं गायब. आजतागायत ना मशीन सापडलं, ना त्याच्या खेळाची चिप (रॉम), ना त्या काळातली एखादी जाहिरात. किस्सा पसरला तो इंटरनेटवरून, आणि सप्टेंबर २००३ मध्ये 'गेमप्रो' मासिकाने तो छापला तेव्हा त्याला चांगलंच बळ आलं.

खरं जे घडलं ते मला जास्त रंगतदार वाटतं. नोव्हेंबर १९८१ मध्ये पोर्टलंडच्या एका पार्लरात १२ वर्षांचा एक मुलगा विक्रमासाठी सलग २८ तास 'ॲस्टेरॉइड्स' खेळत बसला आणि पोट बिघडून उठला. त्याच दिवशी तिथेच 'टेम्पेस्ट' खेळणाऱ्या दुसऱ्याचं डोकं असह्य दुखायला लागलं. त्यानंतर दीडेक आठवड्यात सरकारी अधिकाऱ्यांनी तिथल्या पार्लरांवर छापे घातले, कारण मशीनवर जुगार चालल्याचा संशय होता. आजारी पोरं आली, सरकारी माणसं आली. बाकीचा मसाला लोकांनी घातला.

आता खेळाकडे. मे २०१७ मध्ये हा 'पॉलिबियस' काढला लामासॉफ्टने, म्हणजे वेल्समध्ये मेंढ्या पाळून खेळ बनवणारे जेफ मिंटर आणि त्यांचे जोडीदार आयव्हन झोर्झिन यांनी. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या एका गोदामात आपण मूळ मशीन खेळून आलोय, अशी थाप मिंटरसाहेबांनी आधी ठोकून दिली होती. पुढे स्वतःच कबूल केलं की दंतकथेवरून नुसतं सुचलं, नक्कल केलेली नाही. गंमत पुढे आहे. याच गृहस्थांनी १९९४ मध्ये अटारी जॅग्वार या गेम कन्सोलसाठी 'टेम्पेस्ट २०००' केला होता. ज्या खेळापायी पोर्टलंडच्या त्या पोराने कपाळ धरलं, त्याच घराण्याचे खेळ हा माणूस वर्षानुवर्षं रचत आलाय. 'पॉलिबियस' हे नाव शोभावं तर यालाच.

खेळायचं काय? तुमचं यान सुसाट पुढे पळतं, तुम्ही डावी-उजवीकडे सरकत गोळ्या झाडायच्या. वाटेत बैलाच्या शिंगांसारख्या कमानी येतात. बरोब्बर दोन शिंगांमधून गेलात की वेग वाढतो. एक चुकली तर पुढची डोळ्यांसमोर असतेच. लागोपाठ सात-आठ साधल्या की पडद्यावर काय चाललंय ते कळेनासं होतं, हात मात्र आपोआप बरोबर जागी जातात. मागे ठेक्याचं संगीत, सगळीकडे पंचमीच्या रंगपंचमीसारखे उधळलेले रंग.

बादली कोरडी राहिली. का, तर घाटात पोट ढवळतं ते वळणांनी. डोळे एक सांगतात, कान दुसरं. इथे तोंड कायम समोर, खेळ तुमची मान जबरदस्तीने फिरवत नाही, आणि चित्र कुठे अडखळत नाही. उलट कपाळावरची ऑफिसची आठी गेली, असं भाचा म्हणाला. वेड लावणाऱ्या मशीनचं नाव घेतलेला खेळ माणसाला शांत करतो, हे मला भारी आवडलं.

तक्रारी आहेत. काय करायचं ते खेळ धड सांगत नाही. गदारोळात आपल्याला मार कधी बसला तेच उमगत नाही, एकदम डाव संपतो. ५० टप्पे आहेत, पण वरच्या टप्प्यांत माझ्या वयाच्या माणसाची डाळ शिजत नाही. त्यातल्या त्यात बरं एवढंच की प्रत्येक टप्प्याला आपण पूर्वी जास्तीत जास्त चांगल्या स्थितीत जिथे पोचलो होतो, तिथून पुन्हा सुरुवात करता येते. टीव्हीवर, हेडसेटशिवायही चालतो. तेव्हा तो एक चांगला नेमबाजीचा खेळ असतो, त्यापलीकडे नाही. तेवढ्यासाठी घेऊ नका, कुणाकडे हेडसेट असेल तर त्याच्या घरी जाऊन बसा.

भुताखेताच्या आशेने घेणाऱ्यांची निराशा होईल, इथे घाबरवणारं काही नाही. पण लखलखाट भरपूर आहे. मिरगीचा किंवा उजेडाने डोकं दुखण्याचा त्रास असणाऱ्यांनी लांबच राहावं, ही दंतकथा नव्हे. माझ्याकडून पाचापैकी चार. एक कापला तो न सांगता मारल्याबद्दल.