उखडलेल्या ट्रॅकवर हिरवी की निळी? कावासाकी केएक्स २५० आणि यामाहा वायझेड २५० एफ

दिवाळीनंतर मावसभावाचा फोन आला. नागपूरजवळ बुटीबोरीला शिफ्टमध्ये कामाला आहे, चार वर्षं हिरोच्या एक्सपल्सवर रानोमाळ हिंडला, आता त्याला खरी मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी हवी होती. "दादा, पैसे जमले. हिरवी घेऊ का निळी? तू म्हणशील ते." हिरवी म्हणजे कावासाकी केएक्स २५०, निळी म्हणजे यामाहा वायझेड २५० एफ.

एवढ्या पैशाचं उत्तर फोनवर द्यायची माझी हिंमत झाली नाही. माझ्याकडं निळी आहे, एका मित्राकडं हिरवी, दोन्ही २०२२ ची मॉडेलं. हिंगण्याच्या पलीकडं ज्या शेतात आम्ही सराव करतो, तिथं लागोपाठ तीन रविवार दोन्ही गाड्या छोट्या हत्तीत घालून नेल्या आणि भावाला आलटून पालटून चालवायला दिल्या. निळी माझी स्वतःची आहे, तेव्हा माझं माप थोडं तिकडं झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

ट्रॅक कसा आहे ते आधी सांगतो, कारण सगळा निकाल त्याच्यावरच आहे. वरचा भाग मुरमाचा. सकाळी सातला तो छान दबलेला असतो, नऊपर्यंत वरची माती उडून खाली टणक थर उघडा पडतो आणि त्यावर गोट्यांसारखे खडे लोळत असतात. खालचा भाग नाल्याकडचा, काळ्या मातीचा. टँकरनं पाणी मारलं की वळणावर चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात, आणि पाणी वाळलं की त्याच चाकोऱ्यांच्या कडा विटेसारख्या कडक होतात. दोन्हींच्या मध्ये एक लांब उतार आहे, त्याच्या शेवटी डावं वळण. सगळे तिथं ब्रेक मारतात, त्यामुळं वळणाच्या आधी पंचवीसेक फुटांत ओळीनं खड्डे-उंचवटे तयार झालेत. गुडघ्याच्या निम्म्यापर्यंत उंच. यालाच आम्ही ब्रेकिंग बंप म्हणतो. ताज्या, सपाट ट्रॅकवर या दोन गाड्यांतला फरक मला फारसा सांगता येणार नाही. या पंचवीस फुटांत तो पहिल्याच फेरीत कळतो.

कागदावर दोघी सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही २४९ सीसी, फोर स्ट्रोक, पाच गिअर, बटन स्टार्ट, ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढं २७० मिलीमीटरची डिस्क. पेट्रोल भरून निळी १०६ किलो, हिरवी साधारण दीड किलोनं जड. सीटची उंची निळीची ९७० मिलीमीटर, हिरवीची ९५०. आमचा भाऊ पाच फूट सहा इंच, त्याला ते दोन सेंटीमीटर स्टार्ट लाइनवर जाणवले, गाडी पळायला लागल्यावर नाही.

आता सस्पेन्शन. गंमत अशी की दोन्ही गाड्यांचे फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉकअप, कायाबा या एकाच कंपनीचे, दोन्ही ४८ मिलीमीटरचे, दोन्हींत हवेऐवजी स्प्रिंग. तरी हातात येणारी भावना वेगळी. यामाहाचा हा फोर्क कित्येक वर्षं मूळ रचनेत फारसा बदललेला नाही, फक्त घासूनपुसून सुधारत नेलाय. त्याची खुबी ही की चाकावर बसणारा धक्का हळू आहे की झटक्याचा, त्यानुसार त्याचा प्रतिकार बदलतो. बंपवरून जाताना चाक खाली-वर नाचतं आणि हँडल बऱ्यापैकी शांत राहतं. पहिला उंचवटा लागला, दुसरा लागला, तिसऱ्याला फोर्क अजून वर आलेला असतो, दबून राहिलेला नसतो. म्हणून चौथ्यालाही त्याच्याकडं जागा शिल्लक असते.

हिरवीचा फोर्क जरा ताठ आहे. याला दोष म्हणू नये. माझा मित्र ऐंशी किलोचा आणि माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान, तो टेबलटॉपवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या उंचवट्यावरून, उडून सपाटावर आपटला तरी हिरवी तळाला लागत नाही, आणि तिथं माझी निळी कधीकधी कण्हते. पण भाऊ आहे बासष्ट किलोचा. त्याच्या वजनाला आणि वेगाला त्या स्प्रिंगा पुरत्या दबतच नाहीत. पहिल्या रविवारी हिरवीवर पंधरा मिनिटं मारून तो बाहेर आला, हेल्मेट काढलं, पाण्याची बाटली उचलली आणि झाकण उघडेना. दोन वेळा प्रयत्न केला, मग बाटली माझ्याकडं दिली. "दादा, हात पार गोळा झाले न. बोटं मिटूनच नाही राहिली." कोपरापासून मनगटापर्यंतचे स्नायू दगडासारखे झाले होते. अर्ध्या तासानं निळीवर तेवढाच वेळ मारला, थकला, पण बाटली स्वतः उघडली.

दुसऱ्या रविवारी हिरवीला न्याय द्यायचा म्हणून आम्ही बसून सेटिंग केलं. भाऊ हेल्मेट, बूट, गार्ड सगळं घालून सीटवर बसला, मागचं सस्पेन्शन किती बसतं ते टेपनं मोजलं, ते १०५ मिलीमीटरवर आणलं. फोर्क दबताना किती विरोध करतो ते ठरवणारा स्क्रू तीन क्लिक सैल केला, टायरची हवा १३ पीएसआय ठेवली. फरक पडला, चांगला पडला. तरी मला वाटतं सत्तर किलोच्या आतल्या माणसाला हिरवी घेतली तर फोर्कच्या स्प्रिंगा एक नंबर मऊ टाकाव्याच लागतील. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरा.

इंजिनाची कथा उलटी आहे. यामाहाचा सिलिंडर मागं कललेला, हवा पुढून आत येते आणि धूर मागून बाहेर पडतो. २०१४ पासून वायझेड २५० एफची हीच रचना आहे. बोअर ७७ मिलीमीटर, स्ट्रोक ५३.६. कावासाकीनं २०२० मध्ये बोअर ७८ केला आणि स्ट्रोक ५२.२ वर आणला. पिस्टन रुंद, धाव आखूड, म्हणून ते इंजिन साडेचौदा हजार आरपीएमपर्यंत ओरडत जातं आणि त्याची खरी मजा वरच्या टप्प्यातच आहे. लांब उतारावर, चांगल्या ट्रॅक्शनवर, हिरवी निळीला मागं टाकते. मित्रानं दर वेळी टाकलंच.

पण उखडलेल्या वळणात काय होतं ते पाहा. काळ्या मातीच्या चाकोरीत तुम्ही शिरलात, कड लागली, थ्रॉटल क्षणभर सुटला. निळी तिसऱ्या गिअरमध्ये असली तरी खालून ओढत बाहेर येते. हिरवीला तिथं दुसरा गिअर लागतो, नाहीतर क्लचला बोट लावावं लागतं. ताजेतवाने असताना कुणीही लावेल. बाराव्या मिनिटाला बोटं ऐकत नाहीत, तेव्हा खालची ओढ सोन्यासारखी वाटते. मित्रानं मागच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाला, एक दात वाढवला आहे, त्यानं हिरवीचा हा त्रास निम्मा कमी झाला.

क्लचची गोष्ट निघालीच आहे तर इथं मात्र हिरवीला माझे पूर्ण मार्क. तिचा क्लच हायड्रॉलिक आहे, निळीचा केबलचा. सराव तापला की माझी केबल सैल-घट्ट होते, फेरीच्या मध्येच मला ॲडजस्टर फिरवावा लागतो. हिरवीचा लिव्हर पहिल्या मिनिटाला जिथं धरतो तिथंच विसाव्या मिनिटाला धरतो, आणि दाबायलाही हलका. केबल तुटली तर शेतात बसून बदलता येते, हे खरं. पण तीन वर्षांत ती माझी एकदाच तुटली, ॲडजस्टर मात्र दर रविवारी फिरवतो.

फुफाट्याबद्दल बोललंच पाहिजे. आपल्याकडचा मुरमाचा धुरळा पिठासारखा बारीक. एका सरावात फोमचा एअर फिल्टर तांबडा होतो. निळीचा फिल्टर पुढं, टाकीच्या वरच्या कव्हरखाली आहे, चाकाच्या माऱ्यापासून दूर. कव्हरचे स्क्रू पाव वळणात सुटतात, पाच मिनिटांत फिल्टर हातात. हिरवीचा मागं, नेहमीच्या जागी. साफसफाई दोन्हींची दर सरावानंतर करायचीच, धुवायचा, वाळवायचा, तेल लावायचं. निळीवर ते काम कमी कंटाळवाणं आहे आणि म्हणून ते खरंच होतं. बदल्यात तिच्या हवेचा घरघराट थेट तुमच्या हनुवटीखाली येतो. काहींना तो आवाज नको होतो, भावाला आवडला.

पॉवर कमी-जास्त करायची सोय दोन्हींत आहे. हिरवीला तीन रंगांचे प्लग मिळतात, स्टँडर्डचा हिरवा, कडक जमिनीला काळा, मऊ मातीला पांढरा. काढा आणि दुसरा घाला. निळीला मोबाइलचं ॲप आहे, त्यात इंजिनाच्या सेटिंगचे मॅप बनवून दोन गाडीत ठेवता येतात आणि हँडलवरच्या बटनानं चालत्या सरावात बदलता येतात. आमच्या ट्रॅकवर अर्धा मुरूम आणि अर्धी काळी माती, त्यामुळं मला बटन कामाला येतं. प्लगवाल्याला एकच निवडून शिरावं लागतं. नव्या माणसानं मुरमावर काळा प्लग घालावा, मागचं चाक कमी सटकतं.

उन्हाळा दोन्हींना सारखाच छळतो. रेडिएटरला पंखा नाही, हवा लागते ती फक्त पळताना. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो तेव्हा आम्ही सकाळी साडेपाचला सुरू करून आठला आवरतो. गाडी उभी करून गप्पा मारत इंजिन चालू ठेवलं की कूलंट उकळून बाहेर येतोच, मग ती हिरवी असो वा निळी. दोन्ही इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो १४ च्या आसपास आहे, साधं पेट्रोल घालू नका, ९५ ऑक्टेनच्या वरचं घाला. पावसाळ्यात काळ्या मातीकडं फिरकूच नका. चाक आणि मडगार्डच्या मधली जागा मातीनं भरते, चाक फिरायचं थांबतं आणि क्लच जळतो.

आता खिशाचा विषय, आणि इथं माझं मन बदललं. यामाहा ही गाडी भारतात विकत नाही. जी येते ती बाहेरून मागवलेली किंवा कुणा रेसरनं वापरून काढलेली. कावासाकीची चाकणला स्वतःची कंपनी आहे, केएक्स इथं अधिकृत विकली जाते, आणि हिची किंमत गेली काही वर्षं ८ लाखांच्या आसपास राहिली आहे. बिल तुमच्या नावाचं येतं, पार्ट नंबर सांगून डीलरकडून मागवता येतात. वाट पाहावी लागते, पण कुणाच्या पाया पडावं लागत नाही. माझ्या निळीचा वॉटर पंपाचा सील गेला तेव्हा गाडी सात आठवडे घरात कव्हरखाली उभी होती. मोसम नोव्हेंबर ते मार्च, त्यातले सात आठवडे.

म्हणून भावाला मी हिरवी घ्यायला सांगितली. ट्रॅकवर मला निळीच जास्त आवडते, उखडलेल्या जमिनीवर ती थकलेल्या माणसाला सांभाळून घेते. पण त्याच्याकडं एकच गाडी असणार, पगारातून साठवलेल्या पैशाची. हिरवी, मऊ स्प्रिंगा, मागं एक दात जास्त, हा त्याचा हिशेब. तुमच्याकडं पार्ट आणून देणारा खात्रीचा माणूस असेल, वजन सत्तरच्या आत असेल आणि ट्रॅक आमच्यासारखा असेल, तर निळी घ्या, मी अडवणार नाही. ऐंशीच्या पुढं असाल आणि उड्या मारायच्या असतील तर प्रश्नच नाही, हिरवी जशी येते तशीच घ्या. आणि एक्सपल्ससारख्या गाडीवर अजून उभं राहून चालवता येत नसेल, तर या दोन्हींपैकी एकही आत्ता घेऊ नका. आधी बूट, गुडघ्याचे गार्ड, छातीचा गार्ड आणि चांगलं हेल्मेट घ्या.

दोन्ही गाड्यांना आरटीओचा नंबर मिळत नाही. लाइट नाहीत, इंडिकेटर नाहीत, वर्धा रोडवर दोनशे मीटरसुद्धा काढायची नाही. ने-आण छोट्या हत्तीतून. इंजिन ऑइल जेमतेम लिटरभर बसतं, ते चार-पाच तासांच्या वापरानंतर बदलायचं. इथं किलोमीटर नाही, तास मोजतात.

त्या तासांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. माझी पहिली गाडी सेकंडहँड घेतली होती, मीटरवर २८ तास. घरी आणून फिल्टरच्या मागचा रबरी बूट काढला आणि पांढऱ्या रुमालानं आतून पुसला, रुमाल तांबडा झाला. धुरळा थेट इंजिनात जात होता. इनटेकच्या टायटॅनियम व्हॉल्व्हचा गॅप संपला होता, पिस्टनवर उभे ओरखडे. मीटर बदललेलं होतं. तेव्हापासून मी रुमाल घेऊन जातो. कस्टमची कागदपत्रं आणि चेसिस नंबर जुळवून पाहतो. आणि विकणाऱ्यानं गाडी आधीच चालू करून तापवून ठेवली असेल तर संशय घ्यायचा. बंद करायची, पूर्ण थंड होईपर्यंत थांबायचं, मग बटन दाबायचं. व्हॉल्व्ह घट्ट झालेली गाडी तापलेली असताना सुरू होते, थंड असताना नुसता स्टार्टर फिरत राहतो. दोन-तीन वेळा दाबून पकडलं नाही, तर इंजिनाच्या हेडच्या (व्हॉल्व्ह असतात त्या वरच्या भागाच्या) कामाचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. नाही म्हणाला तर छोटा हत्ती रिकामाच परत आणा.