आयएसटीक्यूबी फाउंडेशन, अकरा महिने वापरून: माझी पंधरा मिनिटं कोण देणार?

आयएसटीक्यूबी फाउंडेशन म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांच्या, टेस्टरांच्या सर्टिफिकेटची पहिली पायरी. परीक्षा जानेवारी २०२५ मध्ये दिली, आता डिसेंबर उजाडलाय. पास झाल्याच्या रात्री मी पाच तारे देऊन मोकळी झाले होते. एप्रिलमध्ये ते दोन केले. आज साडेतीनवर आहे, आणि उरलेला दीड पंधरा मिनिटांसाठी कापलाय. कसली पंधरा मिनिटं ते सांगते.

चाळीस प्रश्न, साठ मिनिटं, पास व्हायला सव्वीस हे टेस्टिंगवाल्या सगळ्यांना पाठ असतं, मलाही होतं. माहीत नव्हतं ते हे, की परीक्षेची भाषा तुमची मातृभाषा नसेल तर पंचवीस टक्के वेळ जास्त मिळतो. म्हणजे साठाच्या जागी पंच्याहत्तर मिनिटं. नियमच आहे तो, कुणाची मेहेरबानी नाही. पण तो बुकिंग करतानाच मागायचा असतो. मी ज्यांच्याकडून बुकिंग केलं त्यांच्या फॉर्मवर त्यासाठी एक चौकोन होता, पार तळाला, अटी-शर्तींच्या खाली. आपण तिथे काय करतो? सगळं वाचल्याचं खोटं सांगून पुढे जातो. मीही गेले.

परीक्षा डिचोलीला घरूनच दिली. पलीकडे कॅमेऱ्यावर बसलेल्या बाईंनी अख्खी खोली फिरवून दाखवायला लावली. भिंतीवरचं कालनिर्णय उतरवायला सांगितलं, कारण त्यावर लिहिलेलं आहे. आईने त्यावर गॅस सिलिंडरच्या तारखा आणि दूधवाल्याचे खाडे मांडलेले असतात, त्यातून मला टेस्टिंगचं कुठलं उत्तर मिळणार होतं ते देवाला ठाऊक. असो. अडतिसाव्या प्रश्नाला घड्याळात दीड मिनिट उरलं. शेवटचे दोन मी न वाचताच ठोकले. चुकलं तर मार्क कापत नाहीत, हे एक बरं. चाळीसपैकी सत्तावीस. काठावर पास.

चौकोनाबद्दल कळलं ते आठवड्याने, पुण्याच्या एका मैत्रिणीकडून. "अगं, मी तर पंच्याहत्तर घेतली," ती म्हणाली. मी लगेच मेल टाकली. उत्तर आलं, की परीक्षा झाल्यानंतर काही करता येत नाही. दुसऱ्या मेलमध्ये लिहिलं, मला पुन्हा परीक्षा नकोय, फक्त तो चौकोन फॉर्मवर वर घ्या, पुढच्या माणसाला दिसेल. त्यावर 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं आलं. तिसरी मेल अजून मसुद्यात पडून आहे.

यात आमच्या गोव्याची वेगळीच गंमत. मातृभाषा काय, हा प्रश्न इथे फॉर्मवरच्या एका ओळीत मावत नाही. घरात बोलतो कोकणी. शाळा चौथीपर्यंत मराठी. पेपर मराठी, भजन मराठी. पहिलीच्या दाखल्यावर बाबांनी 'मराठी' लिहिलं म्हणून आत्या दोन महिने रुसली होती. पण १९८७ च्या राजभाषा कायद्याच्याही आधीपासून चाललेल्या या कोकणी-मराठी वादात एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत व्हायला हरकत नाही: आमची मातृभाषा इंग्रजी नाही. कुठल्याही बाजूने मोजा, पंधरा मिनिटं माझी होती.

आता खर्च. परीक्षेचे जीएसटीसकट साडेपाच हजारांच्या आसपास गेले. क्लासवाल्याने वर अठरा हजार सांगितले होते, ते मी वाचवले. अभ्यासक्रमाची पीडीएफ, शब्दांचा कोश, नमुना प्रश्नपत्रिका सगळं आयएसटीक्यूबीच्या साइटवर फुकट आहे, आणि क्लास न करता परीक्षा देता येते. क्लासच्या नोट्स मी एकाच्या उसन्या आणून पाहिल्या. २०१८ च्या अभ्यासक्रमाच्या निघाल्या! २०२३ पासून चार-शून्य आवृत्ती आलीय, आणि हे लोक जुनंच शिळंपाकं गरम करून अठरा हजारांना वाढतायत.

जुनं-नवं कुठे नडतं त्याचा एक नमुना. त्याच त्याच टेस्ट पुन्हा पुन्हा चालवल्या की त्या नवीन बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, पकडेनाशा होतात, या तत्त्वाला पूर्वी 'पेस्टिसाइड पॅराडॉक्स' म्हणायचे. नव्या अभ्यासक्रमात ते नाव काढून नुसतं 'टेस्ट्स वेअर आऊट' केलंय. मार्चमध्ये पणजीत पाटोवर एका मुलाखतीत साहेबांनी पेस्टिसाइड पॅराडॉक्स विचारला. मी नवं नाव सांगितलं तर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी पेपर फोडलाय. मला तर जुनंच नाव आवडतं. आमच्या काजूच्या बागेत ढेकण्यावर बाबा दरवर्षी एकच औषध मारायचे आणि मग म्हणायचे, "आता हा हसतो मला." हे तत्त्व मी घरी समजावून सांगायला गेले तेव्हा बाबांनी मलाच उलट शिकवलं.

दोन तारे का केले, तर नोकरी शोधताना. मी बीकॉम, गोवा विद्यापीठाची. आधी एका ठिकाणी सपोर्टचे फोन घेत होते. मला वाटलं होतं, बीकॉमच्या भोकाला हे सर्टिफिकेट बूच बसेल. छे! बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर अर्ज भरताना पदवीच्या यादीत बीई, बीटेक, एमसीए, फार तर बीएस्सी आयटी. 'इतर' निवडलं की अर्ज कुठे जातो ते कळत नाही, उत्तर मात्र येत नाही. सर्टिफिकेटचा रकाना पुढच्या पानावर असतो, आणि त्या पानापर्यंत माणूस पोचतच नाही. डिग्री हे गेट आहे, सर्टिफिकेट ही आतली सोफ्यावरची उशी. गेटच उघडलं नाही तर उशी काय डोक्यावर घेऊन फिरायची?

आणि ज्या दोन-तीन ठिकाणी बोलावलं तिथे सगळे विचारणार सेलेनियम येतं का, प्लेराइट येतं का, पोस्टमन वापरलंय का. ही सगळी टेस्टिंगची टूल्स. आता अभ्यासक्रम उघडून बघा. शिकवण्याच्या वेळेचा हिशोब त्यांनी स्वतःच दिलाय: एकूण ११३५ मिनिटं, त्यात टूल्सच्या प्रकरणाला २०. वीस! आणि तिथेही कुठलं टूल चालवायला शिकवत नाहीत, टूल्स असतात आणि त्यांचे फायदे-तोटे असतात एवढंच सांगतात. मी तेव्हा रागाने लिहिलं होतं की हे म्हणजे पोहण्याच्या परीक्षेत पाण्याच्या व्याख्या विचारण्यासारखं आहे. तो राग आता थोडा निवलाय. टूल मी नंतर यूट्यूबवरून शिकले, फुकट, आणि ती दर वर्षा-दोन वर्षांनी बदलत राहणार. व्याख्या तरी टिकतील. सर्टिफिकेटही आयुष्यभराचं आहे, नूतनीकरणाची भानगड नाही. आमच्या स्कूटरच्या विम्यापेक्षा बरं.

शेवटी एप्रिलमध्ये पर्वरीला एका छोट्या कंपनीत लागले, हॉटेलांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर करतात. इथे माझ्या मताला पुन्हा कलाटणी मिळाली, आणि तीही दोन दिवसांत दोनदा.

सप्टेंबरमध्ये हॉटेलच्या खोल्यांचा जीएसटी बदलला ते आठवत असेल. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला १२ टक्के होता तो २२ तारखेपासून ५ झाला. त्याच्या वर १८ तसाच. आमच्याकडे घाईघाईत बदल करून माझ्याकडे तपासायला दिला. मी अभ्यासक्रमात शिकल्याप्रमाणे सीमेवरचे आकडे घेतले: ७४९९, ७५००, ७५०१. बरोब्बर ७५०० ला सिस्टिमने १८ टक्के लावले. कोड लिहिणाऱ्याने 'पेक्षा जास्त'च्या जागी 'इतके किंवा जास्त' लिहिलं होतं. ३७५ रुपये कर घ्यायचा तिथे १३५०. गोव्यात ७५०० हा भाव किती हॉटेलांनी लावलेला असतो ते वेगळं सांगायला नको, तो त्या सीमेसाठीच लावलेला असतो. दर खोलीला, दर रात्री पाहुण्याच्या खिशातून ९७५ रुपये फुकट गेले असते. त्या दिवशी मला वाटलं, फी वसूल. घरी जाताना डिचोलीच्या बसमध्ये मनातल्या मनात चार तारे करून टाकले.

दुसऱ्या दिवशी बाब आला.

बाब म्हणजे आमचा दुसरा टेस्टर. ऑफिसात सगळे त्याला बाबच म्हणतात. बारावी पास, कळंगुटकडच्या हॉटेलांत नऊ वर्षं फ्रंट ऑफिस, त्यातली बरीच नाइट ऑडिटला, म्हणजे रात्री बसून दिवसाचा हिशोब जुळवायला. डिग्री नाही, सर्टिफिकेट नाही, 'इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंग' (सारख्या आकड्यांचे गट पाडून तपासणं) म्हटलं की त्याला पार्टिशनची भिंत आठवते. त्याने दुरुस्तीनंतर हिरव्या, म्हणजे पास झालेल्या माझ्या तीनही टेस्टकडे बघितलं आणि विचारलं, "डिस्कावंट घालून पळयलें?"

नव्हतं पाहिलं. त्याने खोलीचा भाव ७८९५ टाकला आणि कंपनीवाल्यांची पाच टक्के सूट दिली. स्क्रीनवर ७५००. कर ५ टक्के, ३७५ रुपये. मी म्हटलं, बरोबर आहे की. त्याने फोनचा कॅल्क्युलेटर उघडून माझ्यासमोर धरला: ७५००.२५. सिस्टिम आधी पैसे गोल करत होती आणि मग कराचा टप्पा ठरवत होती. खरा आकडा साडेसात हजारांच्या वर, म्हणजे १८ टक्के, म्हणजे १३५० आणि वर पाच पैसे. इथे पाहुण्याचा फायदा, पण हिशोब तपासायला आले की हॉटेलवाल्याच्या गळ्याला फास.

कोडवाला म्हणाला, "पंचवीस पैशांसाठी कोण भांडणार?"

"पैसे पंचवीस, पण खड्डा पावणेदहाशेचा," बाब म्हणाला. "मी रात्री तीन वाजता असे खड्डे भरलेत. पगारातून."

मी घरी येऊन अभ्यासक्रम पुन्हा उघडला. बाबने केलं ते त्यात आहे. 'एरर गेसिंग' म्हणतात, चूक कुठे असेल याचा अंदाज बांधणं, अनुभवावर आधारलेल्या तंत्रांत. पण या परीक्षेत प्रत्येक विषयाला एक पायरी ठरवलेली असते: आठवतं का, समजलं का, की करता येतं. सीमेवरचे आकडे तिसऱ्या पायरीवर, ते करून दाखवावं लागतं. एरर गेसिंग दुसऱ्या पायरीवर, ते नुसतं समजावून सांगता आलं की झालं. म्हणजे मला परीक्षेपुरतं समजावता आलं आणि बाबला करता आलं, आणि सर्टिफिकेट माझ्याकडे. टेस्टिंगच्या सर्टिफिकेटांवर जन्मभर टीका करणारा जेम्स बाख स्वतः शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस, आणि त्याने ॲपलमध्ये टेस्टिंगची टीम सांभाळली. आधी हे वाचून मी म्हणायचे, अमेरिकेत चालत असेल. आता माझ्या शेजारच्या खुर्चीवर तसाच एक बसतो.

तरी सर्टिफिकेट निरुपयोगी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्या बगचा रिपोर्ट मीच लिहिला. बाबचा रिपोर्ट म्हणजे "सूट घातल्यार कर चुकता" एवढंच. माझ्या रिपोर्टात काय टाकलं, काय यायला हवं होतं, काय आलं, कुठली पायरी, सगळं होतं. कोडवाल्याने तासाभरात दुरुस्त केलं. ही शिस्त मला त्या पीडीएफनेच लावली. एवढं श्रेय दिलं पाहिजे.

नोव्हेंबरमध्ये एका मोठ्या गिऱ्हाइकाचा फॉर्म आला. त्यात प्रश्न: तुमच्याकडे प्रमाणित टेस्टर किती? आमच्या साहेबांनी 'एक' लिहिलं. तो एक म्हणजे मी, सत्तावीसवाली. बाब त्या फॉर्मवर शून्य. पुढच्या वेळेला दोन लिहिता यावेत म्हणून कंपनी बाबची फी भरणार असं ठरलं. (माझी परत मिळेल का, विचारलं. मी रुजू होण्याआधीची आहे म्हणे.)

त्याचं बुकिंग मी स्वतः केलं. अटी-शर्तींच्या खाली, पार तळाला, तो चौकोन अजून तिथेच. त्याला विचारलं, मातृभाषा काय लिहू? "कोकणी, आनीक किते?" टिक केली. खात्रीची मेल येईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. मेलमध्ये लिहून आलं: पंच्याहत्तर मिनिटं. त्या मेलची मी प्रिंट काढून ठेवलीय, बाबला नको होती तरी. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत त्याला अभ्यासक्रमातली टेस्टिंगची सात तत्त्वं शिकवली. पेस्टिसाइडवालं त्याला काजूवरूनच समजलं.

परीक्षा त्याने गेल्या शनिवारी ऑफिसातूनच दिली. मी बाहेर चहा घेऊन बसले होते. अठ्ठेचाळीस मिनिटांनी दार उघडलं आणि बाब बाहेर आला. चाळीसपैकी तेहतीस.

"अरे, सत्तावीस मिनिटं शिल्लक होती!"

"जालें मगे," तो म्हणाला, "आनी कित्याक रावपाचें गो?" आणि माझा चहा उचलून प्यायला.