जर्मनीचा पैसा: जुनं अनुदान बरं की आताची पार्टनरशिप?

जर्मन सहकार्यातून काही करायचं म्हटलं की संस्थावाले आणि नगरपालिकेतले लोक एकच विचारतात, पैसे परत द्यायचे का? आता बहुतेक वेळा उत्तर हो असंच आहे.

मे २०२२ मध्ये बर्लिनला मोदी आणि जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर शोल्झ यांनी हरित आणि शाश्वत विकास भागीदारी जाहीर केली, २०३० पर्यंत किमान १० अब्ज युरो. आकडा ऐकून वाटतं केवढी मदत आली, पण त्यात मोठा वाटा सवलतीच्या कर्जाचा आहे आणि तो येतो केएफडब्ल्यू या त्यांच्या सरकारी बँकेतून. नागपूर मेट्रोला ५० कोटी युरो दिले ते असेच, कर्ज म्हणून.

जुनी पद्धत बघायची तर इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम बघा. नव्वदच्या दशकात आपल्याच दुष्काळी भागात तो झाला, केएफडब्ल्यूचं अनुदान नाबार्डमार्फत यायचं आणि गावाची तयारी करून घ्यायला ‘वॉटर’ (WOTR) सारख्या पाणलोटात काम करणाऱ्या संस्था. पैसा फुकट होता पण गावाला फुकट मिळत नव्हता, आधी श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी मान्य करा, मगच पुढचं बोलू. त्यामुळे मला तरी हीच खरी भागीदारी वाटते, नाव काहीही असो. उलट आताच्या मॉडेलमध्ये गाव कुठेच नसतं, बोलणी दोन सरकारांची आणि सही दिल्लीत.

मग कर्ज वाईट का? तसं नाही. मेट्रो, सोलर प्लांट अशा ठिकाणी तिकीट किंवा वीजबिल येतं, फेडायची काहीतरी सोय असते, शिवाय एवढी मोठी रक्कम अनुदानात कुणी देणारच नाही. आणि हप्ता भरायचाय म्हटल्यावर आपण डिझाइनवर, टेंडरवर जरा जास्त भांडतो, तेही बरंच आहे. फक्त कर्ज युरोत असेल तर रुपया घसरल्यावर हप्ता वाढतो, तो फरक कोण भरणार हे आधीच लिहून घ्या.

अडचण आहे ती मधल्या कामांची. सांडपाणी प्रक्रिया घ्या, गरज तर प्रचंड पण लोक त्याचं वेगळं बिल भरायला तयार नसतात आणि नगरसेवक कर वाढवू देत नाहीत, म्हणजे प्लांट उभा राहतो, हप्ता सुरू होतो आणि चालवायला पैसे नाहीत. इथे कर्ज घ्यायचंच असेल तर आधी पुढच्या दहा वर्षांचा चालवण्याचा खर्च काढा, तो कागदावरही बसत नसेल तर सरळ थांबा.

तिसरा रस्ता जीआयझेडचा, म्हणजे जर्मन सरकारच्या तांत्रिक सहकार्य संस्थेचा, पण त्यात मुख्यतः तज्ज्ञ, ट्रेनिंग, अभ्यास मिळतो, रोख हातात येईल या आशेने जाऊ नका. आराखडा करायला माणसं नसलेल्या छोट्या पालिकेला मात्र हेच जास्त कामाचं, असं माझं मत.

नगरपालिका असाल तर कर्जाचा प्रस्ताव राज्य सरकारमार्फत केंद्राच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो, वेळ लागतो. संस्था असाल तर हे कर्ज तुमच्यासाठी नाहीच, तुम्ही अनुदानच शोधणार, पण एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो आणि आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. चार छोट्या संस्थांना सोबत घेऊन काम करायचा प्लॅन असेल तर तो अर्ज भरायच्या आधीच बदला.